पाव मिलिमीटरच्या गांधीलमाशीच्या मागावर: ला सेल्वाच्या जंगलापासून काचपट्टीपर्यंत

2013 साली जॉन ह्यूबर आणि जॉन नॉयस या कीटकशास्त्रज्ञांनी कोस्टा रिकातल्या ला सेल्वा या जंगलातल्या संशोधन केंद्रात मिळालेल्या एका गांधीलमाशीचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिचं नाव टिंकरबेला नाना. प्रजाती नवी आणि जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, तोही नवा. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, म्हणजे मिठाच्या कणाएवढीसुद्धा नाही. ती मायमॅरिडी कुळातली. या कुळातल्या कीटकांना फेअरीफ्लाय म्हणतात, पण त्या माश्या नाहीत, गांधीलमाश्याच आहेत. जवळजवळ सगळ्या फेअरीफ्लाय दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत वाढतात, त्यामुळे पूर्ण वाढलेली मादीही एका अंड्यात मावेल एवढीच असते. याच कुळातली हवाई बेटांवरची किकिकी हुना 2000 साली वर्णिली गेली. ती 0.16 मिलिमीटरच्या आसपास भरते. डायकोपोमॉर्फा एक्मेप्टेरिजिस या प्रजातीचा नर तर 0.139 मिलिमीटरचा, बिनपंखांचा आणि बिनडोळ्यांचा.

आमची ला सेल्वातली ही फेरी याच आकाराच्या कीटकांसाठी होती. एवढ्या बारीक जिवाची नवी प्रजाती जंगलात ओळखू येत नाही. जाळ्यात ती धुळीसारखी दिसते आणि नवी आहे की जुनी ते ठरतं काचपट्टीवर. म्हणून जंगलातलं प्रत्येक काम पुढच्या काचपट्टीचा विचार करूनच करावं लागतं. जाळ्याचं कापड, अल्कोहोलचं प्रमाण, लेबलाची शाई यांपैकी एकात चूक झाली तरी पुढे कितीही चांगला सूक्ष्मदर्शक असला तरी उपयोग नसतो.

निघण्याआधी

सगळ्यात आधी परवाने. कोस्टा रिकात नमुने गोळा करायला सिनाक या संवर्धन यंत्रणेची परवानगी लागते. नमुन्यांचा डीएनए काढायचा असेल तर 1998 च्या जैवविविधता कायद्यानुसार कोनाजेबिओ या आयोगाची वेगळी परवानगी लागते. नमुने देशाबाहेर न्यायचा परवाना निराळा. अर्ज करतानाच डीएनएचा उल्लेख करावा. नंतर सुचलं म्हणून डीएनए काढला आणि परवान्यात तो नसला, तर ती माहिती शोधनिबंधात वापरता येत नाही. बरीच नियतकालिकं आता परवान्याचे क्रमांक मागतात.

सामानात महत्त्वाचं म्हणजे जाळं. फुलपाखरांचं जाळं इथे निरुपयोगी, कारण त्याच्या छिद्रांतून पाव मिलिमीटरचा कीटक सहज निसटतो. कापड इतकं घट्ट विणीचं हवं की उजेडासमोर धरल्यावर छिद्रं नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हवा मात्र त्यातून जायला हवी. अजिबात हवा न जाणारं कापड असलं तर जाळ्यापुढे हवेची उशी तयार होते आणि हलके कीटक बाजूला ढकलले जातात. तोंड त्रिकोणी असलं तर सपाट बाजू जमिनीलगतच्या झुडपांवरून नीट फिरते. तोंडाशी सात-आठ मिलिमीटर छिद्रांची जाड जाळी बसवली की पानं, काड्या आणि नाकतोडे आत येत नाहीत. नाहीतर पिशवीत पडलेल्या ओल्या पानाखाली बारीक गांधीलमाश्या चिरडतात.

बाकीच्या सामानात पिवळ्या उथळ ताटल्या, एक मलेझ सापळा, 95 टक्के इथेनॉल, 30 मिलिलीटरच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या, 100 मायक्रोमीटरहून बारीक छिद्रांचं नायलॉनचं गाळणकापड आणि काचेचे पिपेट. मत्स्यालयातली जाळी गाळायला वापरायची सवय पुष्कळांना असते. ती फुलकिड्यांसाठी चालेल, फेअरीफ्लाय तिच्यातून पाण्याबरोबर वाहून जातात.

लेबलं आम्लविरहित सुती कागदावर, पेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या रंगद्रव्याच्या शाईने लिहावीत. लेझर प्रिंटरची अक्षरं अल्कोहोलमध्ये काही महिन्यांत सुटतात आणि बाटलीत काळी पूड तरंगत राहते. लेबल बाटलीच्या आतच जायला हवं.

पहिला दिवस: जागा हेरणं

सान होसेहून ला सेल्वा रस्त्याने साधारण दोन तासांवर. एरेदिया प्रांतात, प्वेर्तो व्हिएहो आणि सारापिकी या नद्यांच्या संगमाशी हे केंद्र आहे. लेस्ली होल्ड्रिज यांची ही जमीन 1968 मध्ये ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या संस्थेने घेतली. क्षेत्र सुमारे 1600 हेक्टर, उंची समुद्रसपाटीपासून 35 ते 137 मीटर. दक्षिणेला जंगल सलग ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानात चढत जातं. पाऊस वर्षाला सुमारे 4000 मिलिमीटर आणि पूर्ण कोरडा असा महिना नाहीच. फेब्रुवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात बरे.

नदीवरच्या झुलत्या पुलाने पलीकडे गेलं की पायवाटांचं जाळं सुरू होतं. वाटांवर ठरावीक अंतराने खुणेचे खांब आहेत आणि ही मोठी सोय आहे, कारण दाट छताखाली जीपीएस वीस-तीस मीटर इकडेतिकडे दाखवतो. नोंदवहीत अक्षांश-रेखांशाबरोबर वाटेचं नाव आणि खांबाचा क्रमांक लिहिला तर दुसरा माणूस दहा वर्षांनीही त्याच झुडपापाशी पोचतो.

फेअरीफ्लाय हव्या असतील तर तुडतुडे शोधायचे. त्या ज्यांच्यात वाढतात त्या यजमान अंड्यांपैकी पुष्कळ अंडी तुडतुड्यांची, आणि तुडतुडे ही अंडी पानाच्या शिरेत किंवा देठात चीर पाडून आत घालतात. म्हणून घनदाट जंगलाच्या पोटापेक्षा वाटेच्या कडा, पडलेल्या झाडामुळे उजेड आलेली जागा आणि ओढ्याकाठचं गवत या तीन ठिकाणी काम जास्त होतं. आतल्या जंगलात संख्या कमी मिळते, पण अनोळखी नमुन्यांचं प्रमाण तिथेच जास्त असतं असा आमचा अनुभव आहे. दोन्ही जागा घ्याव्यात आणि बाटल्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात.

मलेझ सापळा पहिल्याच दुपारी उभारला. हा म्हणजे मधे उभी काळी भिंत आणि वर उतरतं पांढरं छत असलेला जाळीचा तंबू. भिंतीला धडकलेला कीटक उजेडाकडे वर चढतो आणि टोकाच्या बाटलीत पडतो. भिंत कीटकांच्या येण्याजाण्याच्या वाटेला आडवी हवी आणि बाटलीचं टोक उजेडाच्या बाजूला. सर्वांत बारीक गांधीलमाश्या याच्या जाळीतून आरपार जातात, त्यामुळे यावरच भिस्त ठेवू नये. तो चोवीस तास आपोआप चालतो, म्हणून लावायचा.

याच दिवशी अंडी असलेली पानंही गोळा केली. पान उजेडासमोर धरलं की शिरेच्या कडेला फिकट, लांबट ठिपक्यांची ओळ दिसते. काही फेअरीफ्लायची अळी आत असली की तुडतुड्याचं अंडं लालसर-नारिंगी होतं, तेव्हा अशी अंडी आधी घ्यावीत. पानाचा देठ ओल्या कापसात गुंडाळून, पान काचनळीत ठेवून, तोंडाला घट्ट विणीचं कापड बांधायचं. नळीत पाण्याचे थेंब जमले तर बाहेर पडलेली गांधीलमाशी थेंबात अडकून मरते आणि कापूस सुकला तर अंड्यासकट पान वाळतं. रोज दोनदा बघावं लागतं. हे काम पहिल्या दिवशी करण्याचं कारण साधं आहे: अंड्यातून गांधीलमाशी निघायला वेळ लागतो आणि मुक्काम थोडा असतो. यातून एक जरी नमुना मिळाला तरी त्याच्या यजमानाची खात्रीशीर नोंद होते. जाळ्यातले हजार नमुनेही ती नोंद देऊ शकत नाहीत.

दुसरा दिवस: जाळं

टिंकरबेला नाना जाळं फिरवूनच मिळाली होती. या पद्धतीत सगळं अवलंबून असतं पानांच्या कोरडेपणावर. पहाटे पानं निथळत असतात आणि ओल्या कापडाला पाव मिलिमीटरचा कीटक चिकटला की पंख तुटल्याशिवाय सुटत नाही. सकाळी नऊनंतर, ऊन पानांवर आल्यावर सुरुवात केली आणि दुपारच्या ढगांआधी आवरलं.

जाळं झुडपांवरून आडवं, सलग फिरवायचं. फार जोरात मारलं तर पानं तुटून पिशवी भरते, फार हळू मारलं तर तुडतुडे उडून जातात. पंचवीस-तीस फटके झाले की थांबायचं. पिशवीचं टोक आकाशाच्या बाजूला वर धरायचं, तोंड एका हाताने अर्धवट आवळायचं. बारीक गांधीलमाश्या उजेडाकडे, म्हणजे टोकाकडे चढतात. मोठे भुंगे आणि कोळी खाली राहतात, ते झटकून टाकता येतात.

यापुढे बरेच जण तोंडाने ओढायची शोषनळी वापरतात. अर्ध्या मिलिमीटरच्या वर ती उत्तम. त्याखाली मात्र नळीतल्या साध्या जाळीतून कीटक थेट तोंडात येतो, किंवा काचेच्या आतल्या बाष्पाला चिकटतो. या आकारासाठी पिशवीचं टोक उलटं करून सरळ रुंद तोंडाच्या बाटलीतल्या इथेनॉलमध्ये बुडवावं आणि दोन-तीनदा खळबळून काढावं. कचरा, कोळी, कीटक, सगळं बाटलीत जातं. निवडायला नंतर वेळ लागतो, पण नमुना अखंड राहतो आणि तेच महत्त्वाचं.

सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी. इथे तेर्सिओपेलो हा अत्यंत विषारी साप आहे आणि तो वाटेच्या कडेच्या पाचोळ्यातच बसतो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालावेत आणि जाळं घालण्याआधी खाली नीट बघावं. दुसरं, तोल जातोय म्हणून खोडाला हात लावू नये. पॅरापोनेरा ही मोठी काळी मुंगी खोडांवर ये-जा करते आणि तिचा दंश कीटकांच्या सर्वांत वेदनादायक दंशांत गणला जातो.

तिसरा दिवस: पिवळ्या ताटल्या आणि पाऊस

पिवळा रंग बऱ्याच बारीक गांधीलमाश्यांना खेचतो. पंधरा-वीस सेंटिमीटर रुंद, चार-पाच सेंटिमीटर खोल ताटल्या चार-पाच मीटर अंतरावर एका ओळीत ठेवल्या. कडा जमिनीच्या पातळीत यायला हवी, त्यासाठी ताटली थोडी पुरावी लागते. अर्ध्यापर्यंत पाणी आणि लिटरला दोन-तीन थेंब बिनवासाचा द्रव साबण. साबण नसेल तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे एवढा हलका कीटक वरच उभा राहतो आणि उडून जातो. साबण जास्त झाला तर फेस होतो आणि फेसात कीटक अडकून सुकतात.

उष्णतेत मेलेला कीटक पाण्यात एका दिवसात सडायला लागतो. आतला भाग विरघळला तर काचपट्टीवर बिघडत नाही, पण सांधे सुटतात: शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) एकीकडे, डोकं दुसरीकडे. म्हणून ताटल्या दर चोवीस तासांनी रिकाम्या करायच्याच. पाण्यात मीठ विरघळवलं तर सडणं थोडं लांबतं.

दुपारी पाऊस धो धो कोसळला. उघड्या ताटल्या अशा पावसात दहा मिनिटांत ओसंडतात आणि तरंगणारे सर्वांत लहान कीटक सर्वांत आधी वाहून जातात. यावर दोन उपाय आहेत. ताटलीवर तीस-चाळीस सेंटिमीटर उंचीवर पारदर्शक प्लॅस्टिक तिरपं ताणायचं, किंवा कडेखाली एक सेंटिमीटरवर भोक पाडून त्यावर बारीक गाळणकापड चिकटवायचं. आम्ही दोन्ही वापरतो. छतामुळे पकड थोडी घटते, पण पावसाळी जंगलात दुसरा इलाज नाही.

ताटल्यांतलं पाणी गाळणकापडातून ओतलं, कापडावर राहिलेला गाळ आधी स्वच्छ पाण्याने धुतला आणि मग अल्कोहोलमध्ये टाकला. साबण आणि मीठ धुऊन काढलं नाही तर अल्कोहोलमध्ये मिठाचे स्फटिक पडतात आणि ते केसांवर बसतात.

चौथा दिवस: अल्कोहोल

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचे बहुतेक घोटाळे इथेच सुरू होतात. 95 टक्के इथेनॉल डीएनए चांगला राखतं, पण शरीरातलं पाणी पार काढून घेतं. नमुना काचेसारखा ठिसूळ होतो आणि नुसत्या हिंदकळण्याने पाय गळतात. 70 ते 80 टक्क्यांत शरीर लवचीक राहतं, डीएनए मात्र उष्णतेत लवकर तुटतो. शक्य असेल तर प्रत्येक ठिकाणचे नमुने दोन भागांत ठेवावेत. एकच पर्याय असेल तर 95 टक्के घेऊन बाटली काठोकाठ भरावी आणि थंड ठेवावी. हवेचा बुडबुडा राहिला की तो प्रवासभर बाटलीत वरखाली फिरतो आणि नमुने त्यावर आपटत राहतात.

पहिल्या चोवीस तासांनंतर अल्कोहोल बदलायलाच हवं. जाळ्यातल्या पानांतलं आणि अळ्यांतलं पाणी त्यात उतरतं आणि 95 चे 80 कधी झाले ते कळत नाही. जुनं अल्कोहोल ओतून टाकतानाही ते गाळणकापडातूनच ओतायचं.

पाचवा दिवस: निवडणं

प्रयोगशाळेत दिवसभर स्टिरिओ सूक्ष्मदर्शक. एका वेळी थोडाच माल घ्यायचा, तळ जेमतेम झाकेल एवढा. बशी काचेची हवी, प्लॅस्टिकवर स्थिर विजेमुळे कोरडे कण उड्या मारतात. बशीखाली काळा कागद, त्यावर पांढऱ्या रेघांचे चौकोन, आणि प्रकाश बाजूने. फेअरीफ्लाय फिकट पिवळट किंवा तपकिरी असतात, पांढऱ्या तळावर त्या दिसतच नाहीत.

40 पट मोठं करून चौकोनामागून चौकोन बघत जायचं. आधी डोळ्यांत भरतो तो पंख. टिंकरबेलासारख्यांचा पंख म्हणजे पातळ दांडी आणि तिच्या कडेने लांबच लांब केस. हे केस पंखाच्या रुंदीच्या कित्येक पट लांब असतात. एवढ्या छोट्या आकाराला हवा घट्ट, चिकट वाटते. केसांमधून ती सहज निसटत नाही, त्यामुळे केसांची झालर जवळपास अखंड पंखासारखं काम करते आणि वजन कमी राहतं. त्यानंतर शृंगिका: मादीच्या टोकाला फुगीर गदा, नराच्या सरळ दोऱ्यासारख्या. डोक्यावर डोळ्यांच्या मधे एच आकाराच्या गडद पट्ट्या दिसल्या की कुळाबद्दल शंका उरत नाही.

चिमटा वापरू नये. सर्वांत मऊ चिमट्यानेही पाव मिलिमीटरचं शरीर चिरडतं. टोक बारीक ओढलेला काचेचा पिपेट घ्यायचा आणि आधी त्यात थोडं अल्कोहोल वर-खाली करून आतली भिंत ओली करायची. कोरड्या काचेला कीटक आतून चिकटतो आणि किती फुंकलं तरी खाली येत नाही. पृष्ठभागावर तरंगणारे कण बशीच्या कडेला जमतात, त्यात हमखास नमुने असतात. शुद्ध अल्कोहोलचा एक थेंब टाकला की ते बुडतात. प्रत्येक बशी दोनदा बघावी, दुसऱ्या वेळी बशी अर्धी फिरवून. प्रकाशाची दिशा बदलली की पहिल्यांदा न दिसलेलं दिसतं.

इथे ओळखकिल्लीनुसार (लक्षणांच्या पायऱ्यांनी ओळख पटवणारा तक्ता) जीनसपर्यंत जाता येतं, त्यापुढे नाही. "हे वेगळं वाटतंय" एवढीच नोंद करून बाटली वेगळी ठेवायची.

सहावा दिवस: बांधाबांध

इथेनॉल हा विमानवाहतुकीत धोकादायक माल. वैज्ञानिक नमुन्यांसाठी आयाटा या विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत ए180 ही खास तरतूद आहे: आतल्या प्रत्येक बाटलीत 30 मिलिलीटरपेक्षा जास्त नाही, पूर्ण पेटीत एक लिटरपेक्षा जास्त नाही. बाटली प्लॅस्टिक पिशवीत उष्णतेने बंद करून ती दुसऱ्या पिशवीत, शोषून घेणाऱ्या कागदासह. पेटीवर नमुने वैज्ञानिक संशोधनासाठीचे असल्याचा आणि ए180 चा उल्लेख हवा. मोठ्या बरण्या घेऊन निघालेल्यांची पेटी विमानतळावरच अडते. निर्यात परवान्याची प्रत पेटीत एक, हातात एक.

नळ्यांतली पानं या दिवशी शेवटची तपासली. बाहेर आलेल्या गांधीलमाश्या आणि त्याच पानावरची रिकामी अंडी एकाच क्रमांकाने अल्कोहोलमध्ये गेली. जिवंत काहीही न्यायचं नाही.

परतल्यावर: काचपट्टीचे दिवस

खरं शोधकाम इथे सुरू होतं. बारीक फेअरीफ्लायचं वर्णन टाचणीवरच्या सुक्या नमुन्यावरून होत नाही. उघड्यावर वाळवला तर अल्कोहोल उडताना पृष्ठताणाने शरीर आक्रसतं. सुके नमुने हवेच असतील तर ते द्रव कार्बन डायऑक्साइडने क्रांतिक बिंदूवर (31 अंश सेल्सिअस, सुमारे 74 बार) किंवा एचएमडीएस या रसायनाने सुकवावे लागतात. पण मोजमापासाठी कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेच्या काचपट्टीला पर्याय नाही.

डीएनए आधी काढायचा. पूर्ण कीटक प्रोटिनेझ के हे प्रथिनं तोडणारं विकर असलेल्या द्रावणात 56 अंशांवर काही तास ठेवला की आतला मऊ भाग द्रावणात उतरतो आणि बाहेरचं कवच शाबूत राहतं. त्याच कवचाची काचपट्टी करता येते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा टप्पा मग बराच लहान होतो किंवा गाळता येतो. सीओआय जनुकाचा 658 बेसचा ठरलेला तुकडा बारीक गांधीलमाश्यांत बऱ्याचदा नेहमीच्या प्रायमरने (तुकडा उचलायला लावतात त्या छोट्या डीएनए-धाग्याने) मिळत नाही, म्हणून 28एस या दुसऱ्या जनुकाचा तुकडाही घ्यावा. यजमानाचा डीएनए मिसळला तर क्रम तुडतुड्याचा येतो. तो तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

डीएनए न काढलेल्या नमुन्यांसाठी पायऱ्या अशा. एक पुढचा आणि एक मागचा पंख आधीच बारीक सुईने वेगळा करून बाल्समच्या पातळ थेंबात ठेवायचा, कारण हायड्रॉक्साइडमध्ये पंख गुंडाळतो. शरीर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, थंड असेल तर रात्रभर, 60-70 अंशांवर असेल तर पाच ते दहा मिनिटं. मग पाच मिनिटं ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, त्यानंतर ऊर्ध्वपातित पाणी, मग 35, 70, 95 आणि शुद्ध इथेनॉल, प्रत्येकात दहा मिनिटं. शेवटी लवंगाचं तेल आणि मग बाल्सम.

हायड्रॉक्साइडमध्ये जास्त वेळ गेला की कवच इतकं पारदर्शक होतं की नक्षी आणि रंग दोन्ही जातात. म्हणून रंगाची नोंद आणि फोटो अल्कोहोलमध्ये असतानाच घ्यायचे. शुद्ध इथेनॉलचा टप्पा घाईत उरकला आणि पाणी राहिलं, तर बाल्सममध्ये दुधाळ ढग येतो आणि तो काढायला सगळं उलट करावं लागतं. बाल्समऐवजी वापरतात ते हॉयरचं माध्यम सोपं, पाण्यातून थेट वापरता येतं, पण काही वर्षांत त्याला तडे जातात. नाव ज्याच्यावर टांगायचं तो नमुना त्यात ठेवणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

मांडणी एका दिवसात संपवू नये. काचपट्टीवर बाल्समचा अगदी पातळ थर द्यायचा, त्यात डोकं समोरून, धड वरून, पोट बाजूने ठेवायचं आणि 40 अंशांवर एक दिवस घट्ट होऊ द्यायचं. मगच दुसरा थेंब आणि कव्हरस्लिप. एकाच दमात केलं तर कव्हरस्लिप टेकताना बाल्सम वाहतं आणि डोकं तिरकं होतं. तिरक्या डोक्याची रुंदी कमी भरते आणि खोटा फरक कागदावर येतो. थर जाड झाला तरी नुकसान आहे: 100 पटींच्या तेल-लेन्सचं कामाचं अंतर मिलिमीटरच्या दोन दशांशांहूनही कमी असतं, तेव्हा जाड बाल्सममधल्या खालच्या अवयवावर फोकस होतच नाही, लेन्स काचेला टेकते. नमुने पुरेसे असतील तर एक सुटे भाग करून, एक अखंड बाजूने, एक अखंड वरून, अशा तीन काचपट्ट्या कराव्यात.

मोजमाप आणि तुलना

बाल्सम आणि बारीक केस प्रकाश जवळजवळ सारखाच वळवतात, त्यामुळे साध्या प्रकाशात केस नाहीसे होतात. इंटरफिअरन्स कॉन्ट्रास्ट, म्हणजे असा फिकट फरक ठळक दाखवणारी प्रकाशव्यवस्था, हवी. प्रत्येक लेन्ससाठी मिलिमीटरचे शंभर भाग केलेल्या पट्टीवर मोजमाप आधी जुळवून घ्यायचं. कॅमेरा सॉफ्टवेअरमधलं जुनं जुळवलेलं माप तसंच वापरलं तर सगळे आकडे एकाच प्रमाणात चुकतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

नोंदायचं काय? शृंगिकेच्या प्रत्येक खंडाची लांबी-रुंदी आणि त्यावरच्या लांबट संवेदीपट्ट्यांची संख्या. गदेचे खंड. पायाच्या टोकाचे चार की पाच सांधे. पुढच्या पंखाची लांबी भागिले रुंदी, आणि सर्वांत लांब केस भागिले पंखाची रुंदी. अंडी घालायच्या नळीची लांबी भागिले मागच्या पायाच्या नळीची लांबी. आकडे मायक्रोमीटरमध्ये, किमान ते कमाल, आणि किती नमुने मोजले ते.

इथे सर्वांत मोठा सापळा आहे. अंड्यात वाढणाऱ्या गांधीलमाशीचा आकार त्या अंड्यावर ठरतो. ट्रायकोग्रामा सेंब्लिडिस या गांधीलमाशीचे नर पतंगांच्या अंड्यांतून पंखवाले निघतात, तर सायॅलिस या पाणकाठच्या कीटकाच्या अंड्यांतून बिनपंखांचे. नुसती लांबी कमी, किंवा पंख आखूड, एवढ्यावर नवी प्रजाती उभी राहत नाही. यजमानानुसार न बदलणारी लक्षणं लागतात: खंडांची संख्या, संवेदीपट्ट्यांची मांडणी, शिरांची रचना. आणि ती एकाहून अधिक नमुन्यांत सारखी दिसायला हवीत.

दुसरा सापळा नर-मादीचा. नराच्या शृंगिका इतक्या वेगळ्या असतात की एकाच प्रजातीचे नर आणि मादी दोन नावांनी वर्णिले जाऊ शकतात. जोडी जुळवायला एकाच अंड्यांच्या पुंजक्यातून निघालेले नमुने किंवा जुळणारा डीएनए लागतो, नाहीतर वर्णन फक्त मादीचं करावं.

त्यानंतर त्या जीनसच्या प्रत्येक ज्ञात प्रजातीचं मूळ वर्णन वाचायचं आणि जुनं वर्णन अपुरं असेल तर मूळ नमुना संग्रहालयातून मागवून बघायचा. हे काम महिनोन्महिने चालतं. ते टाळून दिलेलं नाव पुढे कुणाला तरी रद्द करावं लागतं.

लिहिणं आणि नाव

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती 2000 पासून लागू आहे. तिच्यानुसार नाव नवं आहे असं स्पष्ट लिहायला हवं, इतरांपासून वेगळं ओळखता येईल असं वर्णन शब्दांत हवं, एक होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला जोडलं जातं तो एकमेव नमुना, ठरवायला हवा आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे ते नमूद करायला हवं. नुसता फोटो किंवा डीएनएचा क्रम पुरत नाही. 2012 पासून फक्त इंटरनेटवर निघणारा निबंधही चालतो, पण तो झूबँक या प्राणिनावांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदलेला हवा आणि ती नोंद झाल्याचा पुरावा निबंधातच छापलेला हवा. हे राहिलं तर नाव उपलब्धच होत नाही, निबंध कितीही चांगला असो.

निदान, म्हणजे ओळखलक्षणांचा भाग, लहान ठेवावा: जवळच्या प्रजातीहून वेगळी ओळखायला लागतील तेवढीच लक्षणं, सकारात्मक शब्दांत. "मोठा", "आखूड" असे शब्द आकड्याशिवाय वापरू नयेत. आकृत्यांत पंख, शृंगिका, डोकं आणि अंडनळी ही चार हवीतच आणि प्रत्येकीवर मोजपट्टी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याचा मुलामा द्यायचा तो होलोटाइपला नाही, पॅराटाइपला, म्हणजे वर्णनात वापरलेल्या बाकीच्या नमुन्यांपैकी एकाला.

होलोटाइप म्हणून सर्वांत अखंड मादी निवडावी. तिच्या काचपट्टीवर लाल लेबल, आणि एकाच काचपट्टीवर दोन नमुने असतील तर कोणता होलोटाइप ते गोल करून दाखवावं. बाल्सम आतपर्यंत कडक व्हायला कित्येक आठवडे लागतात, तोवर काचपट्टी आडवीच ठेवायची. उभ्या पेटीत ठेवली तर नमुना हळूहळू कडेला सरकतो. पूर्ण कडक झाल्यावर होलोटाइप आणि निम्मे पॅराटाइप सान होसेच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे, निबंधाची प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे आणि ला सेल्वाच्या केंद्राकडे. उरलेले पॅराटाइप दुसऱ्या एका मोठ्या संग्रहात जातात आणि न निवडलेला माल, लेबलासह, शीतपेटीत राहतो, कारण त्याच बाटल्यांत फुलकिडे आणि बारीक भुंगेरे आहेत आणि त्यांच्यावर काम करणाऱ्यांना ते लागतील.